फुप्फुसाची छाया आणि रोग्याचा श्वास

सन २०२१ च्या एप्रिल महिन्यात नवी मुंबईतील सुशिक्षित कुटुंबांच्या बोलण्यात एक नवाच प्रश्न रूढ झाला होता. पूर्वी आजाऱ्याची विचारपूस करावयाची म्हणजे ताप किती आहे, अन्न जाते की नाही, झोप लागली का, असे विचारण्याचा प्रघात होता. त्या दिवसांत मात्र ऐरोलीपासून बेलापूरपर्यंत, दूरध्वनीवर काय किंवा इमारतीच्या जिन्यात काय, सर्वांआधी विचारले जाई ते "स्कोर किती आला?" हा स्कोर म्हणजे छातीच्या सीटी स्कॅनवरून काढलेला, २५ पैकी मिळालेला एक आकडा. परीक्षेतील गुणांशी त्याचे साम्य एवढे की, ज्यांनी शाळेत गणिताकडे कधी ढुंकून पाहिले नाही तेही सात आणि नऊ ह्यांतील अंतर मोजीत रात्ररात्र जागले. परीक्षेहून फरक इतकाच की येथे गुण कमी पडले तर आनंद व्हावयाचा, आणि अधिक पडले तर घरावर सुतकी कळा यावयाची. ज्याच्या छातीवरून हा आकडा काढला तो आजारी माणूस त्या वेळी खाटेवर पडून श्वास कसा घेत आहे, इकडे मात्र पुष्कळ घरांत कोणाचेच लक्ष नसे.

हे असे का झाले, तो आकडा वास्तविक काय सांगतो व काय सांगत नाही, आणि करोनाच्या न्यूमोनियात यंत्राने टिपलेली छाया व रोग्याच्या अंगावर उमटणारी लक्षणे ह्यांचे परस्परांशी नाते कोणते, हे निवांतपणी समजून घेण्यासारखे आहे. साथ ओसरली; विषाणू काही गेलेला नाही. शिवाय न्यूमोनिया हा करोनापूर्वीही होता आणि पुढेही राहणार आहे.

प्रथम फुप्फुसाची रचना ध्यानात घ्यावी. श्वासनलिकेस फांद्या फुटत फुटत शेवटी तिच्या टोकांशी अतिसूक्ष्म फुगे येतात. त्यांस वायुकोश म्हणतात. शास्त्रज्ञांनी मोजून पाहता माणसाच्या दोन्ही फुप्फुसांत मिळून ते सरासरी ४८ कोटी भरले. प्रत्येक कोशाच्या पातळ भिंतीस लागून रक्ताच्या केशवाहिन्यांचे जाळे असते, आणि ह्या भिंतीतूनच प्राणवायू रक्तात शिरतो व कार्बन डायऑक्साइड बाहेर येतो. भिंतीतील काही पेशी साबणाच्या पाण्याप्रमाणे काम करणारा एक स्राव तयार करतात. त्याच्यामुळे श्वास सोडताना हे कोश मिटून चिकटत नाहीत. करोनाचा विषाणू ज्या दारातून शरीरात शिरतो ते एसीई-२ नावाचे दार नेमके ह्याच पेशींवर असते. विषाणूने ह्या पेशी बिघडविल्या म्हणजे स्राव आटतो, भिंत सुजते, केशवाहिन्यांतून पाणी पाझरू लागते, आणि जेथे हवा खेळावयाची तेथे ओल साठते. करोनाच्या न्यूमोनियाचे मूळ एवढेच. पुढे शरीराची स्वतःची प्रतिकारशक्ती खवळून ह्या आगीत तेल ओतते, तो भाग निराळा.

आता ही ओल बाहेरून दिसावी कशी? क्ष-किरणांस हवा अडवीत नाही, पाणी थोडे अडविते व हाड पुष्कळ अडविते. म्हणून निरोगी फुप्फुस चित्रात काळे दिसते व बरगड्या पांढऱ्या दिसतात. साध्या क्ष-किरण चित्रात छातीतील सर्व थर एकावर एक पडतात. पुढची बरगडी, हृदय, मागची बरगडी, सर्वांची मिळून एकच छाया. गॉडफ्रे हाउन्सफील्ड ह्या इंग्रज अभियंत्याने बनविलेल्या यंत्राने ही अडचण दूर केली. १ ऑक्टोबर १९७१ रोजी लंडनमध्ये त्या यंत्राखाली पहिला रोगी तपासला गेला, आणि १९७९ साली हाउन्सफील्ड व अ‍ॅलन कॉर्मॅक ह्या दोघांस मिळून नोबेल पारितोषिक मिळाले. पावाच्या लादीचे काप करून प्रत्येक काप निराळा पाहावा त्याप्रमाणे हे यंत्र छातीचे आडवे काप दाखविते. अर्थात् सुरी न लावता.

ह्या कापांत करोनाचा न्यूमोनिया जसा दिसतो त्याचे वर्णन करण्यास मराठी घरातील एक वस्तू फार सोयीची आहे, ती म्हणजे न्हाणीघराच्या खिडकीची दुधी काच. तिच्यातून उजेड येतो, पलीकडे टांगलेल्या कपड्यांचे आकारही कळतात, पण सर्व काही धूसर. रोगाच्या पहिल्या अवस्थेत फुप्फुसाचे काही तुकडे असे दुधी होतात. त्यांमधून जाणाऱ्या रक्तवाहिन्या धुक्यातील झाडांसारख्या ओळखू येतात. पुढच्या अवस्थेत त्या दुधी भागात जाड रेघांचे जाळे उमटते. शहाबादी फरशीचे फुटके तुकडे जुळवून केलेले अंगण ज्यांनी पाहिले आहे त्यांस ते जाळे चटकन् ओळखता येईल. त्याहून रोग वाढला म्हणजे तो भाग घट्ट होऊन पांढराफटक दिसतो व आतील वाहिन्या लोपतात. करोनात हे डाग बहुधा दोन्ही फुप्फुसांत, खालच्या भागात, पाठीच्या बाजूस आणि बाहेरच्या कडेला असतात. जंतूंमुळे होणारा नेहमीचा न्यूमोनिया पुष्कळदा एका बाजूचा एकच खंड धरून बसतो. त्याहून हे चित्र निराळे.

परंतु निराळे म्हणजे एकमेव नव्हे, आणि येथेच पहिली गफलत होते. इन्फ्लुएंझाच्या व इतर विषाणूंच्या न्यूमोनियातही दुधी काच दिसते. हृदय दुबळे झाल्यामुळे फुप्फुसात पाणी साचले तरीही ती दिसते. दुधी काच हे ओलीचे चिन्ह आहे, ओल आणणाऱ्याची सही नव्हे.

तरीदेखील ह्या यंत्राकडे लोकांचा ओढा का वाढला, ह्यास सबळ कारणे होती. चीनमध्ये साथीच्या प्रारंभी घशातील नमुन्याची तपासणी पुरेशी होत नव्हती व झाली तरी कित्येकदा खोटा दिलासा देत होती. तेव्हा हुबेई प्रांतात छातीच्या चित्रावरून निदान झालेले रोगीही मोजणीत धरण्याचे ठरले, आणि १२ फेब्रुवारी २०२० ह्या एकाच दिवशी तेथे १४,८४० नवे रोगी नोंदले गेले. त्यांपैकी १३,३३२ ह्या नव्या रीतीने धरलेले होते. नवी मुंबईतही आरंभी अडचणच होती. वाशीचा घाऊक बाजार रोगाचे केंद्र बनला व ११ मे २०२० पासून आठवडाभर तो बंद ठेवावा लागला. नमुन्याचा निकाल यावयास दिवस लागत. महानगरपालिकेची स्वतःची प्रयोगशाळा नेरूळ येथे सुरू झाली ती त्या वर्षीच्या ऑगस्टात. वाशीच्या सिडको प्रदर्शन केंद्रात, जेथे एरवी घरांच्या व वाहनांच्या जाहिराती लागावयाच्या, तेथे हजारावर खाटांचे रुग्णालय उभे राहिले होते. अशा वेळी जे यंत्र तासाभरात काहीतरी उत्तर देते त्याच्या दाराशी माणसाने रांग लावली, ह्यात नवल नाही. दरांबाबत ओरड झाली तेव्हा २४ सप्टेंबर २०२० रोजी महाराष्ट्र शासनाने कमाल दर ठरवून दिले. यंत्राच्या क्षमतेप्रमाणे ते २,०००, २,५०० व ३,००० रुपये असे होते. दर बांधले गेले हे उत्तम झाले; मात्र त्यामुळे चित्र काढणे ही रक्त तपासण्याइतकी सहज गोष्ट होऊन बसली.

स्कोर काढण्याची रीत साधी आहे. उजव्या फुप्फुसाचे तीन खंड व डाव्याचे दोन, असे एकूण पाच. प्रत्येक खंडाचा किती भाग रोगाने व्यापला हे तज्ज्ञ डोळ्यांनी अजमावतो. शेकडा ५ हून कमी असेल तर एक गुण, २५ पर्यंत दोन, ५० पर्यंत तीन, ७५ पर्यंत चार आणि त्याहून अधिक असेल तर पाच. पाचही खंडांची बेरीज केली म्हणजे २५ पैकीचा आकडा तयार. येथे लक्षात घ्यावयाचे ते हे की, शेकडा ६ व्यापलेल्या खंडास दोन गुण आणि २४ व्यापलेल्यासही दोनच. शिवाय अजमास हा शेवटी अजमास. दोन अनुभवी तज्ज्ञांनी एकच चित्र पाहिले तरी बेरजेत एकदोन गुणांचा फरक पडणे अगदी स्वाभाविक होय. सौम्य आजार कोठे संपतो व मध्यम कोठे सुरू होतो ही रेघही निरनिराळ्या ठिकाणी निरनिराळी ओढलेली असे. त्यातच दुसरी एक पद्धत होती, तिच्यात बेरीज २५ ऐवजी ४० पैकी करीत. म्हणजे शेजारच्या घरचा सोळा व आपल्या घरचा सोळा ह्यांची तुलना करणे म्हणजे एकाचे शेर व दुसऱ्याचे किलो एका तराजूत घालण्यासारखे होते. आणखी गंमत पुढेच आहे. अहवालात "को-रॅड्स ५" असेही लिहिलेले असे. ही नेदरलँड्समधील क्ष-किरणतज्ज्ञांनी मार्च २०२० मध्ये बसविलेली श्रेणी. चित्र पाहून करोनाचा संशय किती बळकट आहे एवढेच ती सांगते. आजार किती गंभीर आहे ह्याविषयी ती एक अक्षरही बोलत नाही. परंतु पाचापैकी पाच पाहून किती कुटुंबांचे हातपाय गळले असतील ह्याची गणती नाही.

ह्या आकड्याचा सर्वांत मोठा दोष मात्र बेरजेत नाही. तो कालाचा आहे. छायाचित्र हे एका दिवसाचे असते आणि रोग हा पंधरवड्याचा असतो. वुहानमध्ये काही रोग्यांची चित्रे पुनःपुन्हा काढून पाहिली तेव्हा असे आढळले की, लक्षणे सुरू झाल्यापासून सुमारे दहाव्या दिवसापर्यंत डाग वाढत जातात व त्यानंतर हळूहळू विरू लागतात. हाँगकाँगमध्ये ६४ रोग्यांची साधी क्ष-किरण चित्रे अभ्यासली, तेथेही बिघाडाची परिसीमा दहाव्या ते बाराव्या दिवशी दिसली. आणि पहिल्या चित्रात तर शेकडा ६९ रोग्यांतच काही दोष आढळला. तेव्हा ज्यास काल ताप आला त्याने आज स्कॅन काढून "फुप्फुस स्वच्छ आहे" असा अहवाल आणला, तर तो अहवाल खोटा नसतो, पण अवेळी असतो. त्याच्या आधारावर जो निर्धास्त झाला तो आठव्या दिवशी गाफील सापडे. उलट, दहाव्या दिवशी ज्याचा ताप उतरला, भूक परतली, श्वास शांत झाला, त्याच्या चित्रात पांढरे डाग भरपूर असू शकतात. ते विझलेल्या चुलीतील राखेप्रमाणे आहेत, हे आकडा सांगत नाही.

चित्र व आजार ह्यांची फारकत किती होऊ शकते ह्याची दोन उदाहरणे साथीच्या पहिल्या दोनतीन महिन्यांतच जगापुढे आली होती. चीनमधील १,०९९ रोग्यांचा अभ्यास फेब्रुवारी २०२० अखेर प्रसिद्ध झाला. त्यात गंभीर नसलेल्या ८७७ रोग्यांपैकी १५७ जणांच्या छातीच्या चित्रात काहीच सापडले नव्हते. आणि विशेष म्हणजे गंभीर अशा १७३ रोग्यांपैकीही पाच जणांची चित्रे दाखल करताना निर्दोष होती. दुसरे उदाहरण डायमंड प्रिन्सेस ह्या जहाजाचे. जपानच्या किनाऱ्याशी अडकून पडलेल्या ह्या जहाजावरील ज्या बाधितांचे स्कॅन काढले, त्यांत कसलेही लक्षण नसलेले ७६ जण होते. त्यांपैकी ४१ जणांच्या फुप्फुसांत डाग निघाले! म्हणजे ज्यांना साधा खोकलाही नव्हता अशा निम्म्याहून अधिक माणसांची छाती चित्रात रोगट होती. चित्राच्या एका टोकास बरा दिसणारा आजारी व दुसऱ्या टोकास आजारी दिसणारा बरा, अशी ही स्थिती.

मग भरवसा कशावर ठेवावयाचा? येथे जुन्या वैद्यकाकडे वळावे लागते. तापावर विसंबता येत नाही, हे वर सांगितलेल्या चिनी अभ्यासातच दिसून आले. रुग्णालयात येतेवेळी ताप शेकडा ४४ जणांसच होता, पुढे आजाराच्या काळात तो ८९ जणांस येऊन गेला. कोरडा खोकला, वास न येणे, अंग मोडून येणे ही ओळखीची लक्षणे होत. पण ती रोग आहे एवढे सांगतात, फुप्फुस किती दमले हे सांगत नाहीत. लॅनेक ह्या फ्रेंच वैद्याने १८१६ साली शोधलेली छातीची नळी पाठीच्या खालच्या बाजूस लावली असता अशा न्यूमोनियात श्वास घेताना बारीक चरचर ऐकू येते. केसांची बट कानाशी धरून दोन बोटांत चोळली म्हणजे जसा आवाज होतो तसाच तो, असे वैद्यकाच्या विद्यार्थ्यांस परंपरेने शिकवितात. परंतु साथीच्या दिवसांत डॉक्टर नखशिखान्त आवरणात गुरफटलेले असत. कानात नळी घालणेच कठीण, मग चरचर ऐकावयाची कोणी?

राहता राहिली ती सर्वांत साधी खूण, आणि तीच सर्वांत मोलाची ठरली: एका मिनिटात श्वास किती. धडधाकट प्रौढ माणूस स्वस्थ बसला असता मिनिटास १२ ते २० वेळा श्वास घेतो. भारतात रोग्यांची जी प्रतवारी ठरविली होती तीत २४ वा त्याहून अधिक श्वास हे मध्यम आजाराचे व ३० च्या वर गेले तर गंभीर आजाराचे चिन्ह मानले होते. ह्या प्रतवारीत स्कोरला जागा नव्हती, ही गोष्ट त्या वेळी फार थोड्यांच्या ध्यानात आली. श्वास मोजताना रोग्यास कळू देऊ नये, नाही तर तो श्वासाकडे लक्ष देतो व मोजणी बिघडते. नाडी पाहण्याच्या निमित्ताने मनगट धरावे आणि दृष्टी छातीच्या हालचालीवर ठेवावी. पाव मिनिट मोजून चौपट करण्याचा आळस न करता पुरते एक मिनिट मोजावे. ज्या घरी घड्याळाखेरीज दुसरे कोणतेच यंत्र नाही तेथेही हे करता येते. रोगी एक लांब वाक्य मध्ये न थांबता पुरे करू शकतो की नाही, हीही तशीच घरगुती पण अस्सल कसोटी होय.

तथापि ह्या रोगाने ह्याही कसोटीस एक चकवा दिला. कित्येक रोगी खुर्चीत बसून घरच्यांशी गप्पा मारीत, धाप लागते म्हणून तक्रार करीत नसत, आणि त्यांच्या रक्तातील प्राणवायू मात्र धोक्याच्या खाली उतरलेला असे. ह्याचे कारण शरीराच्या एका खोडीत आहे. धाप लागते ती मुख्यतः कार्बन डायऑक्साइड साठल्यामुळे. हा वायू ओल्या, सुजलेल्या भिंतीतूनही प्राणवायूपेक्षा कितीतरी सहज बाहेर निसटतो. त्यामुळे प्राणवायू कमी पडत असतानाही मेंदूस बराच वेळ संकटाची वर्दी पोचत नाही. त्यात रक्ताचीही एक लकब भर घालते. पनवेलकडून दिसणारे माथेरानचे पठार डोळ्यांपुढे आणावे. पठारावर माणूस कितीही चालला तरी उंची फारशी बदलत नाही. पण कड्याशी आला की पुढच्या दोनचार पावलांत सारे संपते. रक्तातील हिमोग्लोबिनचे तसेच आहे. फुप्फुसातील प्राणवायूचा दाब पुष्कळ उतरला तरी हिमोग्लोबिन शेकडा नव्वदपर्यंत भरलेलेच राहते. त्याखाली मात्र दाबाच्या थोड्याशा घसरणीबरोबर ते झरझर रिकामे होत जाते. म्हणून ९४ हा आकडा वरकरणी भरपूर वाटला तरी कड्याची सीमा तेथून दूर नसते. सन १९१८ च्या इन्फ्लुएंझात मुंबईत जे डॉक्टर रोग्यांवर उपचार करीत होते त्यांच्यापाशी ही सीमा ओळखण्याचे साधन नव्हते. ओठ व नखे निळी पडली म्हणजेच त्यांस कळे, आणि तोवर बहुधा उशीर झालेला असे.

बोटास लावावयाचा ऑक्सिमीटर हे ते साधन. त्यामागील मूळ कल्पना ताकुओ आओयागी ह्या जपानी अभियंत्यास १९७४ साली सुचली. तांबडा व डोळ्यांस न दिसणारा अवरक्त, असे दोन प्रकाश बोटातून पाठवावयाचे आणि नाडीच्या प्रत्येक ठोक्यासरशी कोणता किती शोषला जातो हे पाहून प्राणवायूचे प्रमाण काढावयाचे. सारे जग हे चिमुकले यंत्र विकत घेण्यासाठी धडपडत असतानाच, १८ एप्रिल २०२० रोजी, आओयागी निवर्तले. त्यांचे नाव मात्र ते यंत्र बोटास लावणाऱ्या लाखांतील एकासही ठाऊक नसावे.

नुसते बसून घेतलेले माप पुरेसे नाही, म्हणून सहा मिनिटे चालण्याची परीक्षा घरोघर शिकविली गेली. आरंभी माप घ्यावे, सपाट जागी सहा मिनिटे नेहमीच्या गतीने चालावे, पुन्हा माप घ्यावे. आकडा ९३ च्या खाली गेला, किंवा आरंभीपेक्षा तीनाहून अधिक उतरला, किंवा चालणे पुरे करण्यापूर्वीच धाप लागली, तर वैद्यकीय मदत मागावयाची. सुजलेले फुप्फुस विश्रांतीत कसेबसे भागविते, पण स्नायूंनी जास्त मागणी केली की त्याची तूट उघडी पडते. कोपरखैरणेतील माथाडी कामगारांच्या वसाहतीत एका खोलीच्या घरातही खाट बाजूस सारून भिंतीपासून भिंतीपर्यंत येरझारा घालून ही परीक्षा देता येते. तीस तीन हजार रुपये लागत नाहीत. अर्थात् ज्यास आधीच धाप आहे किंवा ज्याचे माप बसल्याजागीच कमी आहे त्याने ती मुळीच देऊ नये.

ऑक्सिमीटरलाही मर्यादा आहेत. बोटे गार असली, नखांवर गडद रंग असला, हात थरथरत असला तर माप चुकते. त्याहून महत्त्वाची गोष्ट डिसेंबर २०२० मध्ये अमेरिकेतून प्रसिद्ध झाली. रक्त काढून तपासले असता प्राणवायू खरोखरी कमी, पण बोटावरील यंत्र मात्र सर्व ठीक दाखवीत आहे, असा प्रकार कृष्णवर्णीय रोग्यांत गौरवर्णीयांच्या सुमारे तिप्पट आढळला. सावळ्या त्वचेच्या देशात ही गोष्ट जितकी बोलली जावयास हवी तितकी बोलली गेली नाही. एकाच मापास चिकटून न राहता ते उतरत चालले आहे का हे पाहणे, आणि त्याच्या जोडीने श्वास मोजणे, हा त्यावरील व्यवहारी उपाय.

आता कोणी विचारील की, आकड्याने थोडी भीती अधिक वाटली, दोनचार हजार खर्च झाले, एवढ्याने बिघडले काय? बिघडले ते औषधात. इंग्लंडमध्ये घेतलेल्या रिकव्हरी नावाच्या मोठ्या परीक्षणाचा निष्कर्ष जून २०२० मध्ये बाहेर आला. डेक्सामेथासोन ह्या स्वस्त स्टेरॉइडने कृत्रिम श्वसनावरील रोग्यांचे मृत्यू सुमारे एकतृतीयांशाने व प्राणवायू लावलेल्यांचे सुमारे एकपंचमांशाने कमी झाले. ज्यांस प्राणवायूची गरज नव्हती त्यांस मात्र त्याचा फायदा झाला नाही. उलट त्यांच्यात मृत्यूचे प्रमाण थोडे अधिकच दिसले. म्हणजे हे औषध द्यावयाचे की नाही हे ठरते ते प्राणवायूवरून. सन २०२१ च्या लाटेत मात्र पुष्कळ ठिकाणी ते स्कोरवरून ठरले. श्वास शांत, माप ९७, पण चित्रात नऊ गुण. एवढ्यावरून पाचव्या दिवशीच स्टेरॉइड सुरू. रक्तातील साखर भडकली, विषाणूशी लढणारी शक्ती नको त्या वेळी दबली, आणि मे महिन्यात महाराष्ट्रात ज्या काळ्या बुरशीने मधुमेही रोग्यांचे डोळे व जबडे घेतले तिच्या कारणांत अनावश्यक व अतिरिक्त स्टेरॉइड हे एक ठळक कारण होते. उलट बाजूने, श्वास वाढलेला असताना "आधी स्कॅन होऊ दे, मग पाहू" म्हणून रोग्यास रांगेत बसवून ठेवण्यात जे तास गेले, त्यांची किंमतही काही घरांनी मोजली.

किरणांच्या मात्रेविषयी तर जाहीर वादच झाला. ३ मे २०२१ रोजी दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेचे संचालक डॉ. रणदीप गुलेरिया ह्यांनी सांगितले की, सौम्य आजारात सीटी स्कॅनचा उपयोग नाही आणि एक स्कॅन म्हणजे छातीची तीनचारशे क्ष-किरण चित्रे काढण्यासारखे आहे. क्ष-किरणतज्ज्ञांच्या भारतीय संघटनेने लागलीच उत्तर दिले की, हा हिशेब जुना झाला. आधुनिक यंत्रात अल्प मात्रेने काढलेले स्कॅन पाच ते दहा चित्रांइतकेच असते. ऐकणारा गोंधळून गेला. पण अंकगणित मांडले तर दोघांचे म्हणणे समजते. नेहमीच्या पद्धतीने काढलेल्या छातीच्या स्कॅनची मात्रा सहासात मिलिसीव्हर्ट असते. एका चांगल्या क्ष-किरण चित्राची सुमारे ०.०२. भागाकार केला की तीनशेच्या वर उत्तर येते. तेच स्कॅन अल्प मात्रेने, एका मिलिसीव्हर्टच्या आसपास, काढले आणि क्ष-किरण चित्राची मात्रा ०.१ धरली तर उत्तर दहा. म्हणजे सर्व काही यंत्र व ते चालविणाऱ्याची पद्धत ह्यांवर अवलंबून. पृथ्वीवर राहणाऱ्या प्रत्येकास निसर्गाकडूनच वर्षास सरासरी २.४ मिलिसीव्हर्ट मिळतात हे ध्यानात घेतले म्हणजे एका स्कॅनने कोणी कर्करोगाच्या दारात जाऊन पोचत नाही हेही कळते. परंतु वादाच्या धुरळ्यात गुलेरियांच्या विधानातील पहिले अर्धे वाक्य हरवले, आणि तेच महत्त्वाचे होते. जगातील छातीच्या क्ष-किरणतज्ज्ञांच्या फ्लाइशनर सोसायटीनेही एप्रिल २०२० मध्येच सांगून ठेवले होते की, सौम्य लक्षणे असून आजार वाढण्याचा विशेष धोका नसलेल्या रोग्यास चित्राची गरज नाही. श्वसनाची स्थिती बिघडू लागली म्हणजे ती आहे.

ह्यावरून स्कॅन हे निरुपयोगी यंत्र आहे असे मात्र कोणी समजू नये. रोग्याचा प्राणवायू एकाएकी उतरला, छातीत कळ आली, नाडी धावू लागली, तर फुप्फुसाच्या रक्तवाहिनीत गुठळी अडकली असण्याचा संभव असतो, आणि ह्या रोगात रक्त गोठण्याची प्रवृत्ती वाढतेच. ती गुठळी शिरेतून रंगद्रव्य देऊन काढलेल्या स्कॅनमध्येच नीट दिसते. साध्या स्कॅनमध्ये किंवा स्कोरमध्ये तिचा पत्ता लागत नाही. फुप्फुसास भोक पडून छातीत हवा भरली तर खाटेपाशी आणलेले साधे क्ष-किरण यंत्रही ते क्षणात दाखविते. कक्षातून रोग्यास हलविणे धोक्याचे असेल तेव्हा हेच साधे चित्र रोज काढून पाहणे अधिक शहाणपणाचे. आणि आपल्याकडे आणखी एक गोष्ट विसरता येत नाही. जेथे क्षयाचा वावर पिढ्यान् पिढ्या आहे, तेथे छातीच्या वरच्या भागात दिसणारी छाया करोनाची नसून जुन्या अथवा चालू क्षयाची असू शकते. पंधरवडा उलटूनही खोकला व संध्याकाळचा ताप हटेना, वजन घटू लागले, तर करोनाचा अहवाल हाती असला तरी थुंकी तपासून घेतलीच पाहिजे.

लसीकरण १६ जानेवारी २०२१ रोजी सुरू झाले व पुढे सर्वदूर पोचले. सन २०२२ च्या आरंभीच्या ओमायक्रॉनच्या लाटेत रोगी अगणित झाले, पण फुप्फुसापर्यंत रोग पूर्वीच्या मानाने पुष्कळ कमी जणांत उतरला. ५ मे २०२३ रोजी जागतिक आरोग्य संघटनेने आणीबाणी संपल्याचे जाहीर केले. त्या वेळचे डाग बहुतेकांच्या छातीतून काही महिन्यांत पुसले गेले. ज्यांचा आजार फार तीव्र होता त्यांपैकी काहींच्या फुप्फुसांत बारीक रेघा व आकसलेले भाग कायमचे राहिले. जिने चढताना त्यांस ते जाणवते.

नवी मुंबईतील अनेक घरांच्या कपाटांत त्या वर्षीच्या काळ्या फिल्मांचे मोठे लिफाफे अद्याप पडून असतील. ते रद्दीत घालू नयेत. पुढे केव्हा छातीचे चित्र काढण्याचा प्रसंग आला आणि त्यात खालच्या बाजूस एखादी रेघ दिसली, तर ती नवी की सन २०२१ ची, हा प्रश्न जुने चित्र शेजारी धरले म्हणजे तज्ज्ञास लगेच सोडविता येतो. जुने चित्र नसेल तर काही महिने थांबून पुन्हा नवे काढावे लागते आणि तोवर घरात काळजी. फिल्मा पावसाळ्यात दमट भिंतीशी ठेवू नयेत, त्या एकमेकींस चिकटतात. लिफाफ्यावर तारीख असतेच. तिच्याखाली त्या दिवशी आजाराचा कितवा दिवस होता आणि बोटावरील माप किती होते, हे आठवत असेल तर शाईने लिहून ठेवावे.